हवा लागू दे

न्यूपोर्टच्या या घराला
सव्वाशे वर्षं एकच शिकवलेलं :
आत आलेली ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही.
स्लेटचं छप्पर, जाड भिंती,
रंगाच्या थरांनी चिकटून बसलेल्या खिडक्या.
जुलैत पारा चौतिसावर गेला
तरी घर आपलं इमानेइतबारे
ऊब सांभाळत बसलेलं.

तिसऱ्या दुपारी नेट गेलं.
मीटिंगमध्ये माझं तोंड उघडं राहिलं ते तसंच,
बारा जणांच्या पडद्यावर.
आलं. गेलं. पुन्हा आलं.
कंपनीला फोन केला, चाळीस मिनिटं पिपाणी ऐकली,
मग एक मुलगी म्हणाली,
बंद करून चालू करा.

नाना बनियनवर, सोफ्यात,
पाय गार पाण्याच्या टबात.
येऊन सहा आठवडे झालेले. बोललो होतो ते
चहा, गोळ्या,
आणि इथे कचऱ्याला इतक्या रंगांचे डबे कशाला,
एवढंच.
'कुठे ठेवलंय ते यंत्र?' त्यांनी विचारलं.

जिन्याखालच्या कपाटात.
कोट, छत्र्या, व्हॅक्यूम क्लीनर, घडी केलेला आकाशकंदील,
मागे गरम पाण्याचा पाइप,
आणि त्या सगळ्यात राउटर.
त्यावर आईनं विणलेलं क्रोशाचं झाकण,
कडेला निळे मणी.
मागच्या खेपेला विणलं होतं तिनं.
आमच्याकडे टीव्हीला होतं, मिक्सरला होतं,
रेडिओला तर दोन, एक सणासुदीचं.
धूळ बसू नये म्हणून.

नानांनी कपाटात हात घातला
आणि पंजा उपडा करून राउटरवर टेकवला.
संगमनेरच्या एक्स्चेंजमध्ये
एकतीस वर्षं रॅकच्या पाठी तपासल्या, त्या हातानं.
'भाजतंय. कोंडून मारलंत याला.'

मग बोलतच सुटले.
तेव्हा गावात एसी एकच, तोही यंत्रांसाठी.
मे महिन्यात मामलेदारसुद्धा
ट्रंक कॉलचं निमित्त काढून यायचे
आणि कॉल लागला तरी उठायचे नाहीत.
सत्त्याऐंशी साली एका रात्री तो एसी बसला.
नानांनी आणि कुणा शेटे म्हणून लाइनमननं
सगळी दारं सताड उघडली,
घरोघरी जाऊन पाच टेबलफॅन मागून आणले,
आणि पहाटेपर्यंत वारा घालत बसले.
'एकही लाइन तुटू दिली नाही,' नाना म्हणाले.

मी विचारलं, आपल्या घरचा पंखा?
'तोही नेला होता.'
टबातलं पाणी पायानं ढवळलं त्यांनी.
'तुला ताप होता त्या रात्री.
तुझी आई पुठ्ठ्यानं वारा घालत होती.
ती हे कधी बोलली नाही.'

मी कोट बाहेर काढायला लागलो.
नानांनी झाकण उचललं, चार घड्या घातल्या,
लेंग्याच्या खिशात ठेवलं.
जुन्या टूथब्रशनं भोकांतली धूळ काढली,
मांजराच्या पाठीवरनं ब्रश फिरवावा इतक्या सावकाश.
राउटर हॉलमधल्या फळीवर आणला,
उन्हापासून लांब, भिंतीपासून वीतभर,
खाली दुधाच्या बाटल्यांची चार टोपणं.
'आता पोटाखालूनही हवा लागू दे.'

शेजारच्या ग्लेनिसनं कुंपणावरून पंखा दिला.
दुकानांतले संपलेच होते.
तुझ्या वडिलांसाठी, म्हणाली.
नानांनी तो राउटरकडे वळवला.
मी नानांकडे.
त्यांनी परत राउटरकडे.
यावर काही बोलणं झालं नाही.
शेवटी मी फिरता ठेवला,
तो कुरकुरत एकदा तिकडे जायचा, एकदा इकडे.

रात्री दोनला पाणी प्यायला उठलो
तर हॉलमध्ये नाना, अंधारात,
हात उपडा.
'निवलंय,' म्हणाले, आणि जाऊन झोपले.

सकाळी त्यांच्या उशाशी
गोळ्यांच्या डब्यावर
ते झाकण, मणी सारखे करून.
डबा लहान, झाकण मोठं,
कडा टेबलावर लोळत होत्या.